मी गिळलेलं अर्धं वाक्य

माझी नात काचेच्या खोलीत बसून बोलते. लेकीची लेक. हैदराबादला शिकली, आता दिल्लीत असते. मोठमोठ्या सभा होतात. तिथं एखादा माणूस त्याच्या भाषेत बोलत असतो आणि ही कानाला यंत्र लावून, ऐकता ऐकताच, दुसऱ्या भाषेत सांगत जाते. तो थांबत नाही, हीही थांबत नाही. अर्ध्या तासानं शेजारची बाई पुढचं काम घेते, कारण त्याहून जास्त वेळ डोकं चालत नाही म्हणे. खोलीचं दार लावलेलं असतं. खोकला आला तर एक बटन दाबून खोकायचं.

मागच्या दिवाळीत ती आमच्या गावी आली होती. गाव वसमतकडच्या हट्ट्यापासून जवळ आहे. माझ्याजवळ बसून तिनं हे काम सुरू कसं झालं ते सांगितलं. पूर्वी म्हणे दुभाषे सगळं भाषण आधी ऐकून घ्यायचे आणि मग उभं राहून, आठवणीतून, पुन्हा सांगायचे. त्यांचा मोठा मान होता. मग युरोपात कामगारांच्या सभेत कोणी टेलिफोनचं यंत्र कानाला लावून पाहिलं. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी जमतं यावर कोणाचा विश्वास बसेना. पुढं मोठी लढाई झाली. लढाई हरलेल्या राज्यकर्त्यांवर जर्मनीत खटला चालला, चार भाषांत. प्रत्येक गोष्ट चार वेळा सांगत बसले असते तर खटला संपलाच नसता. म्हणून तरणी पोरं आणि पोरी आणून काचेआड बसवली. बोलणारा फार जोरात सुटला की पिवळा दिवा लागायचा. लाल लागला की त्यानं थांबायचं. जुने मानाचे दुभाषे या नव्यांना हिणवून टेलिफोनवाले म्हणायचे.

त्या पोरांपैकी काहींची माणसं त्याच लढाईत मेली होती. आणि ज्यांनी मारलं त्यांचंच बोलणं त्यांना सांगावं लागायचं, तेही त्या माणसाच्या जागी बसल्यासारखं. त्यानं सांगितलं की मी हुकूम दिला, तर यांनीही म्हणायचं, मी हुकूम दिला. एका पोरीच्या तोंडातून एक घाण शब्द काही केल्या निघेना. तिला उठवलं आणि दुसरी बसवली.

नातीला हे सगळे फार मोठे वाटतात. असतीलही. मी विचार केला तो त्या उठवलेल्या पोरीचा. तिला उठून जाता आलं.

मी नातीला म्हटलं, असलं काम मी सात वर्षांची असताना करत होते. ती हसली. मग मी तिला पुढचंही सांगितलं, तेव्हा हसली नाही. म्हणाली, आजी, लिहून काढ. मी चौथीपर्यंत शिकले आहे. लिहिता येतं.

माझे वडील बोधनला साखर कारखान्यावर कामाला होते. मजुरांच्या चाळीत आम्ही तेवढे मराठी, बाकी सगळे तेलगू. आईला ती भाषा शेवटपर्यंत आली नाही. नळावर बायका जमायच्या, हसायच्या, एकमेकींची उणीदुणी काढायच्या. आई मला मागं उभं करायची आणि मी तिच्या पाठीशी तोंड नेऊन हळू आवाजात सांगत राहायची. बायकांना थांबू द्यायचं नाही अशी तिची ताकीद होती. त्या थांबल्या तर त्यांना कळेल की हिला काही समजत नाही. म्हणून त्या बोलत असतानाच मी बोलायचं. चुकलं की पाठीमागं हात करून चिमटा. ती चिमटा काढायची आणि तोंडानं नळावरच्या बायकांकडं बघून हसायची. मला खेळायला जायचं असायचं. पण घागर भरेपर्यंत मी आईच्या पाठीला चिकटलेली.

लग्न होऊन या गावात आले आणि तेलगू बंद झाली. पुढं सारा जन्म ती कामाला आली नाही. कधी वसमतच्या बाजारात हळदीसाठी तिकडचा व्यापारी आला तर चार शब्द, तेवढंच. लेकीचं लग्न झालं, नवरा गेला. माझ्या दोन खोल्या आहेत आणि दिराचं घर त्याच अंगणात समोर आहे. चूल वेगळी, अंगण एक. माझं रान दीरच कसतो. मी त्याच्या शब्दाबाहेर जात नव्हते. गेले असते तर कुठं गेले असते.

दिराच्या मोठ्या मुलाचं लग्न जमेना. पोरगा वाईट नाही. दारू नाही, भांडण नाही. पण शेती करणाऱ्याला कोणी मुलगी देईना. पस्तिशी उलटली. मग एका मध्यस्थानं तिकडचं स्थळ आणलं, वरंगलच्या बाजूचं. अलीकडं आमच्या भागात अशी बरीच लग्नं होतात. तिकडं मराठी चालत नाही, त्या घरात हिंदीही चालत नव्हती. दीर माझ्या दारात येऊन म्हणाला, "वैनी, तुमाला त्यांची बोली येती. तुमीच चला आता." तोपर्यंत माझी बोली कोणाच्या ध्यानातही नव्हती.

मुलगी पाहायला गेलो. त्यांच्या ओसरीत एका बाजूला आम्ही, एका बाजूला ते. मला मुलीच्या मागं बसवलं, अगदी आईच्या मागं असायची तशी. मी तिच्या कानाशी बोलत होते आणि ती जे बोलेल ते मोठ्यानं आमच्या लोकांना सांगत होते. सुरुवातीला जीभ अडखळली, मग सुटली. रान किती, घर कसं, पाणी कुठून आणता. मला वाटलं होतं हे काम मी विसरले. विसरले नव्हते. पण एक गोष्ट लहानपणी कळली नव्हती ती तिथं कळली. माझ्या तोंडातून दोन तास शब्द चालले होते आणि त्यात माझा एकही नव्हता. मुलगा जरा अबोल आहे, सासू कडक आहे, हे मला माहीत होतं. ते सांगायला मला कोणी आणलं नव्हतं.

मुलीनं सगळ्या बोलण्यात एकच गोष्ट विचारली. त्यांच्याकडं बतुकम्माचा सण असतो. सर्वपित्री अमावस्येला सुरू होतो, नऊ दिवस. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डू, झेंडू ताटात चवडीनं रचतात, बायका त्याभोवती गाणी म्हणतात आणि शेवटी ते तळ्यात सोडतात. सासरी गेलेल्या लेकी यासाठी माहेरी येतात. ती म्हणाली, मला दरवर्षी या सणाला पाठवाल का? बाकी मला काही नको.

मी ते सांगितलं. दीर पान चावत होता. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "व्हय म्हणा, धाडू. आत्ता व्हय म्हणायला काय जातंय? मंग पाहू."

तो बोलत असतानाच मी मुलीच्या कानात सांगत होते. हो, धाडू. एवढं माझं सांगून झालं तेव्हा त्याचं पुढचं आलं. मुलीनं मान हलवली. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. मी गप्प राहिले.

नात म्हणते, आजी, आमच्या कामात असं होतं, घाईत एखादं वाक्य हातातून जातं. मी तिला सांगितलं, घाई नव्हती. वेळ होता. मी गिळलं. सगळे खूश दिसत होते, पुतण्याचं एकदाचं जमत होतं, आणि मला परत त्याच अंगणात यायचं होतं.

लग्न झालं. पोरगी आली. मला ती पेद्दम्मा म्हणायची, म्हणजे आपल्याकडची मोठी आई. सकाळी भांडी घासायला बसली की माझ्या दाराकडं तोंड करून बसायची आणि सारखी बोलायची. तळ्याचं, आईचं, धाकट्या बहिणीचं. साठ वर्षांनी माझ्याशी कोणी त्या भाषेत बोलत होतं. मला बरं वाटायचं. हे खोटं कशाला सांगू?

लग्नाला दोन महिने झाले नसतील, कुठल्या तरी गावात अशीच आणलेली सून अंगावरच्या दागिन्यांसकट निघून गेली म्हणून बातमी आली. खरी की खोटी कोण जाणे. पण जावेनं त्या दिवशी पोरीचा फोन काढून लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. शेतात जायचं तर सासूबरोबर. हट्ट्याला बाजाराला न्यायचं नाही. आठवड्यातून एकदा तिच्या आईचा फोन आला की जाऊ फोन बाजेवर ठेवायची, आवाज मोठा करायची आणि मला हाक मारायची. "अक्का, या बरं. काय म्हणत्यात ते सांगत ऱ्हावा."

मी बसायची. मायलेकी बोलायच्या आणि मी त्यांच्यावरून मराठीत बोलायची. आई म्हणते, जेवलीस का? ही म्हणते, जेवले. आई म्हणते, तब्येत बारीक झाली का? ही म्हणते, नाही. माझा आवाज तिकडं आईलाही ऐकू जात असणार. तीनचार वेळा झाल्यावर त्या फक्त जेवणाखाणाचं बोलायला लागल्या. मायलेकींच्या मध्ये मी बसलेली. उठावं म्हटलं तर जाऊ म्हणायची, बसा, अजून चालू हाय. मी उठायची नाही.

पहिल्या वर्षी सण आला तेव्हा तिनं पिशवी भरून ठेवली. दीर म्हणाला, हळदीला माती लावायची आहे, औंदा नको. दुसऱ्या वर्षी म्हणाला, सासूचे गुडघे दुखतात. तिनं कुंपणाजवळची झेंडूची फुलं तोडून परातीत रचली आणि एकटीच बसली. गाणं म्हटलं नाही. जाऊ मला म्हणाली, काय जादूटोणा करून राहिली बघा. ते मी पोरीला सांगितलं नाही. पण तोवर तिला बरंचसं मराठी कळायला लागलं होतं.

त्या दिवशी ती माझ्या दारात आली. म्हणाली, "पेद्दम्मा, तुम्ही बोलला होता, धाडू म्हणून."

मी म्हटलं, मी नाही, ते बोलले. मी नुसतं सांगितलं.

ती म्हणाली, "मी तर तुमच्याच तोंडून ऐकलं. त्यांची बोली मला कुठं येत होती?"

ती त्या लोकांवर विश्वास ठेवून आली नव्हती. तिच्यासारखी बोलणारी, केस पिकलेली एक बाई तिच्या कानाशी हो म्हणाली, म्हणून आली होती.

तिसऱ्या वर्षी अमावस्येच्या दोन दिवस आधी तिचा बाप आला. न कळवता. दिरानं गावातली चार जाणती माणसं बोलावली आणि अंगणात बैठक बसली. बाप एका बाजूला, हे सगळे एका बाजूला, पोरगी चौकटीत उभी. मला मध्ये बसवलं. दीर जाता जाता हळूच म्हणाला, नीट सांगा वैनी.

मी बसता बसता ठरवलं, की आज गाळायचं नाही. कोणाचंच. ज्याचं तोंड उघडेल त्याचं सगळं त्या माणसाला सांगायचं.

पहिलंच कोणी तरी बोललं, म्हातारा वाटेत टाकून आला वाटतं, डोळे बघा किती लाल. मी ते जसंच्या तसं तेलगूत सांगितलं. बापानं त्या माणसाकडं पाहिलं आणि सावकाश उत्तर दिलं. ते मी मराठीत सांगत गेले. मी तीन गाड्या बदलून आलो. रात्रभर झोप नाही. तुमच्या दारात बसून घटका झाली, अजून कोणी पाणी विचारलं नाही.

एकजण उठून पाणी घेऊन आला.

मग जाऊ आतून पुटपुटली, न्यायला आलाय, पुन्यांदा कशाला आणून सोडतोय! मी सांगितलं. दुसरा शेजाऱ्याच्या कानाला लागून म्हणाला, ह्यांच्यात अशाच असत्यात. मी सांगितलं. बोलणाऱ्यांना काही कळेना. एवढे दिवस मी कामाचं तेवढंच पुढं करायची, बाकीचं माझ्यात जिरायचं. आता ज्यानं जे टाकलं ते समोर जाऊन पडत होतं.

दिराच्या लक्षात आलं. "वैनी, समदंच काहून सांगून राहिल्या? मतलबाचं तेवढं सांगा."

मी तेही सांगितलं. पोरीच्या बापाला हसू आलं, मग त्यानं ते आवरलं. तो म्हणाला, मला भांडायचं नाही. मुलगी पाहायला आलात तेव्हा तुम्ही दरवर्षी धाडू म्हणाला होता. चार माणसांत म्हणाला होता. ते खरं की नाही एवढं सांगा.

मी मराठीत सांगितलं. दीर म्हणाला, असं काही बोलणंच झालं नव्हतं.

हे मला तेलगूत सांगायचं होतं. मी नाही सांगितलं. तिथं मी पहिल्यांदा स्वतःचं बोलले, आधी मराठीत आणि मग तेलगूत. "बोलणं झालं होतं. भाऊजी म्हणाले, व्हय म्हणा, धाडू. मंग म्हणाले, आत्ता व्हय म्हणायला काय जातंय, मंग पाहू. मी पहिलं सांगितलं, दुसरं गिळलं. पोरीला फसवलं ते दोघांनी. त्यातली एक मी."

दीर उठून उभा राहिला. त्यानं मला काय म्हटलं ते लिहीत नाही. त्याचाही तर्जुमा मी केला असता, पण बैठकीतल्या थोरल्या माणसानं हात वर केला आणि त्याला बसवलं. तो माणूस म्हणाला, शब्द दिला असेल तर पोरीला धाडा, पण ती परत आली नाही तर काय?

दीर माझ्याकडं बघत म्हणाला, "वैनीला लई पुळका आलाय ना. ऱ्हावा मंग जामीन. ती न्हाई आली तर ह्या अंगणात तुमचं काम न्हाई. लेकीकडं जा न्हाई तर कुटं बी जा."

मी म्हटलं, राहते.

त्याच दुपारी ती बापाबरोबर वसमतच्या गाडीत बसली. जाताना सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही पडली, पण वर पाहिलं नाही.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. समोरच्या घरातून कोणी बोलेना. त्यांच्याकडून येणारं माझं दूध बंद झालं. मी दारात बसायची, आत जायची, पुन्हा दारात. तिनं येऊ नये असं मला वाटायचं. ते खरंच वाटायचं. आणि माझ्या दोन खोल्याही मला हव्या होत्या. लेकीचा संसार भाड्याच्या एका खोलीत आहे, तिथं मी कुठं मावणार होते. दोन्ही एकदम हवं होतं आणि दोन्ही एकदम होणार नव्हतं.

एक दिवस पुतण्या आला. उंबऱ्यावर बसला. बराच वेळ नखानं जमीन उकरत होता.

"मोठ्याई, यील का ती?"

"मला काय ठाव."

"म्या तिला कदी हात लावला का? तुमीच सांगा."

"न्हाई लावला."

"मंग?"

"कोंडली."

तो म्हणाला, फोन तर आईनं ठेवला होता. मी म्हटलं, किल्ली तुलाबी दिसत होती. तो उठून गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. बापानं फाट्यावर सोडलं, अंगणात आला नाही. पोरीच्या पायाला हळद होती, हातात नव्या बांगड्या. तिनं पिशवी खाली ठेवली आणि सासूसमोर उभी राहून मराठीत म्हणाली, "माझा फोन मला द्या. माझ्याजवळच राहील तो." सासूनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मुलाकडं. मुलगा म्हणाला, दे. सासूनं किल्ली सोडली.

कोणी मला काही म्हटलं नाही. खोल्या माझ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी दूधही आलं.

तिसऱ्या दिवशी ती भांडी घासायला बसली, पण माझ्या दाराकडं पाठ करून. मी जवळ जाऊन तेलगूत विचारलं, का परत आलीस गं? तिनं मराठीत उत्तर दिलं. माझ्यापेक्षा तिचं मराठी आता शहरातल्यासारखं आहे, टीव्हीवर ऐकून ऐकून शिकली.

"धाकटीचं लग्न व्हायचं आहे, काकू. मी तिथं बसले तर तिला कोण करणार?"

ती काकू म्हणाली ते माझ्या ध्यानात आलं. मी पुन्हा तेलगूत म्हटलं, सण झाला ना नीट? ती म्हणाली, झाला. मग तिनं हातातली परात पालथी घातली आणि माझ्याकडं वळली.

"काकू, बैठकीत तुम्ही सांगितलं ते तुम्ही त्याच दिवशी आमच्या ओसरीत सांगितलं असतं, तर मी ह्या घरात आलेच नसते."

"व्हय," मी म्हटलं.

"मला वाटायचं ह्या लोकांनी शब्द फिरवला. तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"माहीत होतं."

मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. नातीनं सांगितलेल्या त्या लोकांना निदान असं म्हणता येतं, की ते बोलणं आमचं नव्हतं. मला तेही म्हणता येत नाही, कारण मी न बोललेलं होतं ते. आणि न बोललेलं माझंच होतं. मी तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला माफ करावं लागलं असतं, आणि आणखी एक गोष्ट तिला मनाविरुद्ध करावी लागली असती.

तिनं भांडी उचलली आणि आत गेली.

याला दोन वर्षं झाली. ती दरवर्षी सर्वपित्रीला जाते, विचारत नाही, सांगून जाते. आईशी फोनवर अंगणात फिरत मोठ्यानं बोलते. मला सगळं ऐकू येतं आणि सगळं कळतं. माझ्याशी ती नीट बोलते, औषध आणून देते, कधी भाजी देते. मराठीत. मी कधी तेलगूत काही म्हटलं तर ती ऐकून घेते आणि मराठीत उत्तर देते. आता मीही म्हणत नाही.